रग्बीचा जन्म एका दिवसात झाला नाही

माझ्या भाच्याने वक्तृत्व स्पर्धेसाठी लिहिलेले भाषण काल मला वाचून दाखवले. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या एका संदेशावर ते सगळे बेतलेले होते. इंग्लंडमधील रग्बी गावाच्या शाळेत १८२३ साली विल्यम वेब एलिस या मुलाने फुटबॉल खेळताना नियम मोडून चेंडू हातात घेतला व तो धावत सुटला, मुख्याध्यापक थॉमस अरनॉल्ड यांनी त्याला शाबासकी दिली आणि त्याच दिवशी रग्बी हा खेळ जन्मला, असे तो संदेश सांगतो. शाळा उमरावांच्या मुलांसाठी काढली होती, असेही त्यात आहे.

शाबासकीचा प्रसंग धडधडीत खोटा आहे. अरनॉल्ड त्या शाळेत आले १८२८ साली, तर एलिसने शाळा सोडली १८२५ मध्ये. १८२३ साली मुख्याध्यापक होते जॉन वूल. तारखा पडताळायला पाच मिनिटे पुरतात, आणि तेवढीही तसदी न घेता हा मजकूर मुलांच्या हाती दिला जातो, याचा मला संताप येतो.

एलिस त्या शाळेचा विद्यार्थी होता, एवढे खरे. परंतु चेंडूची गोष्ट मॅथ्यू ब्लॉक्सम या माजी विद्यार्थ्याने प्रथम लिहिली ती १८७६ मध्ये, एलिसच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी. ब्लॉक्सम यांनी तो सामना स्वतः पाहिलेला नव्हता. पहिल्या पत्रातले १८२४ हे साल पुढे १८८० मध्ये त्यांनीच १८२३ केले. माजी विद्यार्थ्यांच्या संघटनेने १८९५ साली चौकशी आरंभली, तेव्हा प्रसंग डोळ्यांनी पाहिलेला एकही साक्षीदार मिळाला नाही. १८३४ साली शाळेत आलेल्या थॉमस ह्यूज यांनी तर कळवले की, एलिसची आख्यायिका त्यांच्या काळापर्यंत टिकलेलीच नव्हती आणि चेंडू घेऊन धावण्यास तेव्हा पूर्ण मनाई नसली, तरी तसे धावताना एखादा मुलगा मारला गेला असता, तर विद्यार्थ्यांच्या पंचांनी ती हत्या समर्थनीयच ठरवली असती. चेंडू हाताने झेलणे पूर्वीपासून चालत होते. तो घेऊन पुढे धावण्याची प्रथा १८३८-३९ च्या सुमारास जेम मॅकी या खेळाडूमुळे रूढ झाली आणि त्यानंतर दोन-तीन वर्षांनी तिला मान्यता मिळाली.

शाळा १५६७ साली लॉरेन्स शेरिफ या किराणा व्यापाऱ्याच्या देणगीतून रग्बी आणि ब्राउन्सोव्हर येथील मुलांना मोफत शिक्षण देण्यासाठी निघाली. पुढे तिथे बाहेरगावच्या सधन मुलांचा भरणा झाला, हे मात्र नाकारता येत नाही. स्थानिक मुलांसाठी १८७८ मध्ये शेरिफच्याच नावाने वेगळी शाळा काढावी लागली.

खेळाचे पहिले लेखी नियम १८४५ च्या ऑगस्टमध्ये तीन विद्यार्थ्यांनी तयार केले. त्यांतला एक अरनॉल्ड यांचा मुलगा विल्यम, जो पुढे पंजाबच्या शिक्षण खात्याचा प्रमुख झाला. भाच्याला आता भाषण या तिघांपासून सुरू करायला सांगितले आहे.