पाव इंचाची गोधडी

मीटिंगमधे गप्प बसायचं असतं हे पंधरा वर्षं नोकरी करून मला कळलंय, पण लेकीच्या शाळेच्या पीटीएच्या, म्हणजे पालक-शिक्षक संघाच्या, झूम कॉलवर ते शहाणपण कुठे गेलं कोण जाणे. विषय होता स्प्रिंग ऑक्शनचा. आमच्या न्यू जर्सीत शाळांना पैसे उभे करायचे असले की हे असतं, जिममधे टेबलं मांडायची, त्यावर पालकांनी दिलेल्या वस्तू, प्रत्येक वस्तूपुढे एक कागद, ज्याला हवी त्याने नाव आणि आकडा लिहायचा, पुढच्याने त्यावर दहा डॉलर चढवायचे. कोणी चॉकलेटची बास्केट देतं, कोणी आपल्या बीचवरच्या घरातला वीकेंड. सेकंड ग्रेडकडून काय, असं विचारल्यावर सगळे म्यूट झाले आणि त्या शांततेत कोणीतरी बोललं, "माझी आजी हाताने गोधड्या शिवायची." बोलणारा मीच होतो.

स्वयंपाकघरातला लाटण्याचा आवाज थांबला. "आजी शिवायची," बायको म्हणाली, "तू शर्टाचं बटण लावायला मला देतोस."

पण आजीचं काम सोपं होतं हो. सारवलेल्या जमिनीवर जुनी लुगडी एकावर एक अंथरायची, वर उरलेसुरले तुकडे, आणि कडेने धावदोरा घालत घालत आत यायचं. आमच्याकडे सातारला तिला वाकळ म्हणतात, आणि ती वाकडी झाली तरी कोणी टेप घेऊन मोजायला यायचं नाही.

इथे टेप घेऊन मोजणाऱ्या बाई शेजारीच राहतात. वय सत्तरच्या पुढे, क्विल्टिंगमधे, म्हणजे इथल्या गोधड्या शिवण्यात, हयात गेलेली. जोआन म्हणून इथे कापडाच्या दुकानांची मोठी साखळी होती, ती 2025 मधे बंद पडली तेव्हा या आजींनी सेलमधून इतकं कापड उचललं की त्यांच्या बेसमेंटमधे आता नुसतं कापड आणि मधून जायला एक पायवाट आहे. मी मदत मागायला गेलो तर म्हणाल्या, सुरुवातीला चारपाच फॅट क्वार्टर पुरतील. मला भरून आलं. आपल्याकडे क्वार्टर म्हणजे 180 एमएल, ती फॅट म्हणजे केवढी, आणि चारपाच, म्हटलं बाई दिलदार आहेत. निघाले 18 बाय 22 इंची कापडाचे तुकडे.

प्लॅन असा की वर्गातली 20 मुलं, प्रत्येकाचा शिवून झाल्यावर 12 इंचाचा चौकोन, त्यावर मुलाने काहीतरी काढायचं, चार बाय पाच, 48 बाय 60 ची गोधडी तयार. कापडावर मार्कर सरकतो म्हणून मागे फ्रीजर पेपर, म्हणजे एका बाजूने प्लास्टिक लावलेला कागद, इस्त्रीने चिकटवून कडक करायचं असतं, ही आजींची युक्ती मात्र एक नंबर. चौकोन आले. दोन युनिकॉर्न, तीन डायनोसॉर, एका मुलाने नुसती पिझ्झाची किंमत लिहिली होती.

आता शिवण. इथल्या धर्मात शिवण म्हणजे कापडाच्या कडेपासून पाव इंच, कमी नाही जास्त नाही. मी प्रत्येक शिवणीत जेमतेम एक सूत जास्त कापड धरत होतो, सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, एवढ्याने काय बिघडतंय. पण ते दोन्ही तुकड्यांतून जातं, म्हणजे शिवणीमागे पाव इंच, एका ओळीत तीन शिवणी, माझी ओळ पाऊण इंच आखडली. आजींनी टेप लावला, चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि काही न बोलता हातात उसवायचं हत्यार दिलं. पुढचे दोन आठवडे मी शिवलं थोडं आणि उसवलं फार.

आणि सगळं जुळत आलं तेव्हा टीचरची ईमेल, वर्गात नवीन मूल आलंय! एकवीस. एकवीसची गोधडी तीन बाय सात, म्हणजे मफलर. शेवटी चोवीस करायचं ठरलं, टीचर, शाळेची साफसफाई बघणारे कस्टोडियन, आणि चोविसावा वर्गातला गिनीपिग, त्याचं चित्र सर्वानुमते. लांबी झाली 72 इंच आणि मधे घालायचा कापूस मी 60 चा आणून ठेवलेला.

आईला व्हिडिओ कॉल लावला. पाच मिनिटं तिला फक्त आमचा पंखा दिसत होता.

"मग जोड दे की. वाकळ म्हणजे दुसरं काय असतं?"

"अगं आई, आणि मागच्या बाजूला?"

"ती माझी साडी आहे ना तुझ्याकडं, बरणीची."

होती. दर खेपेला लोणच्याची बरणी त्याच सुती साडीत गुंडाळून येते. पन्हा 45 इंच, हवा 48, म्हणजे तिथेही जोड. आणि मधोमध पिवळा, तेलकट, महाराष्ट्राच्या नकाशासारखा डाग. धुवून बघितला, हलला नाही.

मग भांडण आत-बाहेरचं. शेजारच्या आजी म्हणतात मधून सुरू करून कडेला जायचं म्हणजे चुण्या पडत नाहीत, आई म्हणते कडेने आत यायचं. मी भिडस्त माणूस, दोघींचं ऐकलं. मधे कुठेतरी भेटले टाके एकमेकांना, तिथे एक टेंगूळ आलंय, त्यावर नेमका पिझ्झा आहे म्हणून खपून गेलं. कार्पेटवर अंथरून पिना लावल्या होत्या, उचलायला गेलो तर कार्पेटपण उठलं, ते जाऊ दे.

सामानाचा खर्च 170 डॉलर. ऑक्शनमधे गेली 210 ला. एवढ्या घोळात शाळेचा फायदा बघायचा तर मी सरळ चेक फाडला असता, असं बायको पार्किंग लॉटपर्यंत म्हणत होती. पण मी वाचत होतो तो गोधडीपुढचा कागद, पीटीएच्या कोणी हौशीने वर्णन लिहिलं होतं, मागची बाजू जुनी भारतीय साडी, नैसर्गिक रंगाने हाताने रंगवलेली.

चार दिवसांनी घेणाऱ्या बाईंची ईमेल आली. पिवळा रंग फार आवडला, कशापासून करतात, आणि धुतल्यावर जाणार तर नाही ना. मी आईला वाचून दाखवली.

"सांग त्यांना," आई म्हणाली, "बारा वर्षं मी घासतेय, अजून गेला नाही."