सरकारी मिडल स्कूलच्या पटसंख्येबद्दल फिरणाऱ्या मेसेजबद्दल खुलासा

आपल्या इंदूरच्या मराठी ग्रुप्सवर एक मेसेज फिरतोय, की इथल्या एका सरकारी मिडल स्कूलमध्ये जुन्या रिपोर्टपेक्षा मुलं खूप कमी झाली, आदिवासी मुलांचा टक्का मात्र वाढला, म्हणजे "बाहेरची मुलं भरली". हे खरं नाही, आणि मुलांबद्दल असं लिहिलेलं वाचून फार वाईट वाटतं हो.

आधी पटसंख्येचं बघा. हे आकडे यूडायस प्लसचे, म्हणजे देशभरातल्या शाळांची माहिती नोंदवणाऱ्या केंद्र सरकारच्या व्यवस्थेचे असतात. पूर्वी शाळा नुसता एकूण आकडा भरायची, 2022-23 पासून एकेका मुलाची वेगळी नोंद होते, त्यामुळे दोन शाळांत नाव असलेलं मूल आता दोनदा धरलं जात नाही. म्हणून 2021-22 आणि 2022-23 चे आकडे शेजारी ठेवून "मुलं पळाली" म्हणता येत नाही. शिवाय मध्य प्रदेशात 'एक परिसर एक शाला'खाली एकाच आवारातल्या शाळा एकत्र केल्यात, तेव्हा जुना आकडा सहावी ते आठवीचाच होता की पहिलीपासूनचा, हेही बघावं लागतं.

आता टक्का. समजा शाळेत 80 मुलं, त्यात 20 आदिवासी, म्हणजे 25 टक्के. बाकीच्यांतली 20 प्रायव्हेटमध्ये गेली, राहिली 60, आदिवासी मुलं तीच 20, पण टक्का झाला 33. नवीन एकही मूल आलेलं नाही! टक्क्यासोबत मुलांचा आकडा दिलेला नसेल तर कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका, शाळेचा 11 अंकी यूडायस कोड घेऊन रिपोर्ट कार्ड स्वतः उघडून बघा.