अहो, गाडी मागे घ्या!

केनियातल्या मसाई मारा अभयारण्यात चित्ता दिसला की झालं! वायरलेसवर खबर जाते आणि बघता बघता पर्यटकांच्या गाड्यांचा गराडा. नियम काय, तर एका प्राण्यापाशी पाचच गाड्या आणि 25 मीटर अंतर. पाळतंय कोण? मागची गाडी पुढे घुसते, तिच्या पुढे तिसरी. ती मादी बिचारी गवतातून मान उंचावून हरीण हेरतेय, तर समोर टायर!

चित्ता दिवसा शिकार करतो, नजरेच्या जोरावर. सिंह-तरसांशी गाठ टाळायला ही वेळ त्याला बरी, आणि नेमकी तीच आपण हिरावून घेतोय. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात मारातलेच आकडे आहेत: पर्यटक कमी तिथे मादीची एका वेतातली सरासरी दोनाहून जास्त पिल्लं मोठी होतात; गर्दीच्या भागात 0.2. एकसुद्धा धड नाही! वाचून संताप होतो नुसता.

आणि सगळं खापर ड्रायव्हरवर फोडू नका. "अजून थोडं जवळ घ्या ना" म्हणून मागून कोण टोचतं? टिपेची लालूच कोण दाखवतं? फोटो नाही आला तर नाही आला. "गाडी मागे घ्या" म्हणा की एकदा तरी!