साधंच काहीतरी कर

बुधवारी सकाळी, २० ऑगस्टला, मामा दारातल्या स्टुलावर बसून बूट चढवत होते आणि मान वाकडी करून खांद्यात धरलेल्या मोबाइलवर मामींशी बोलत होते. मी आत त्यांच्याच प्रवासाच्या चपात्या फॉइलमध्ये गुंडाळत होते. हळू बोलणं हा प्रकार मामांना माहीत नाही, त्यामुळे सगळं नीट ऐकू आलं. "हां, निघालो बघ. छे गं, सूनबाई करतीय बिचारी तिच्या परीनं. काढले पाच दिवस कसेतरी. तू भाकरी टाकून ठेव, पोटभर जेवायचंय."

काढले. कसेतरी. वर मी बिचारी. चार दिवस झाले, अजून भांडी विसळताना मी मनात मामांना उत्तरं देतेय आणि एकेक उत्तर असलं भारी सुचतंय की काय सांगू, पण मामा आता साताऱ्याला.

झालं असं की शुक्रवारी १५ ऑगस्टची सुट्टी, शनिवारी दहीहंडी, मग रविवार, सोमवारी पावसाने लोकलची वाट लावली आणि मंगळवारी रेड अलर्ट, शाळा-कॉलेजं बंद, सरकारी-निमसरकारी ऑफिसांना सुट्टी. म्हणजे विक्रोळीच्या कन्नमवार नगरमधल्या आमच्या वनरूम किचनमध्ये (आता टू रूम आहे, पण तोंडात वनरूमच बसलंय) सलग पाच दिवस सहा माणसं. मी, नवरा, अकरावीतला मुलगा, पाचवीतली मुलगी, सासूबाई आणि सासूबाईंचे धाकटे भाऊ, म्हणजे मामा. मामा गुरुवारी रात्री आले ते शनिवारी डोळे दाखवायला. शनिवारी डॉक्टर दहीहंडीमुळे बंद, सोमवारी पावसामुळे बंद. डोळे राहिले, मामाही राहिले.

एरवी आमचं घर हे घर नसतंच, डबे भरायचं केंद्र असतं. सकाळी सातला तीन डबे बंद, माझा चौथा, सासूबाईंचं झाकून, की संध्याकाळी साडेसातपर्यंत स्वयंपाकघराला कुलूप. आणि डब्याची गंमत अशी की त्यात दुधी दिला तरी लोक खातात, कारण तक्रार करायला मी समोर नसते. तोच दुधी ताटात वाढला की नवऱ्याचा चेहरा असा होतो की जणू कोणीतरी गेलंय. शिवाय माणूस घरी असला की त्याला दर दीड तासाने भूक लागते, ही पोटाची भूक नसतेच, ही फ्रिज दिसतोय म्हणून लागणारी भूक असते. माझा मुलगा तर फ्रिज उघडून नुसता उभा राहतो. काही घेत नाही. बघतो, बंद करतो, दहा मिनिटांनी परत येऊन बघतो, मधल्या काळात आत कोणीतरी बासुंदी आणून ठेवली असेल अशी आशा असावी.

त्यात पाच दिवसांत तीन उपास. शुक्रवारी गोकुळाष्टमी, सोमवारी शेवटचा श्रावणी सोमवार, मंगळवारी एकादशी. कॅलेंडर छापणाऱ्यांचं काही चुकलं नाही, पण मी त्या पानाकडे रागानेच बघत होते. उपासाचं वेगळं, बिनउपासाचं वेगळं, आणि नवरा दोन्हीकडे. उपासाची खिचडी "चव बघायला" एक वाटी आणि मग त्याचं रीतसर वरण-भात-भाजी. श्रावण नसता तर चार अंडी फोडून सुटका करून घेतली असती, तेही नाही. आणि चपातीवाल्या मावशी शनिवारपासून गायब. गायब म्हणजे फोन आला होता, "ताई, गल्लीत गुडघ्याएवढं पाणी हाय, कशी येऊ?" यावर काय बोलणार. शनिवारी पहाटे इथे पार्कसाइटला दरड कोसळून दोन माणसं गेली. आपण वर कोरड्यात बसून कणकेवरून कुरकुर करतोय म्हणून लाज वाटते, खरंच वाटते. पण लाज वाटून चपात्या लाटल्या जात नाहीत. सहा माणसं, कमीत कमी चोवीस, मुलगा एकटा सात खातो.

तर मामा.

मामा एसटीतून रिटायर झालेत. कंट्रोलर होते. तेहतीस वर्षं स्टँडवरच्या त्या जाळीच्या खिडकीत बसून "फलाट क्रमांक चारवर लागलेली" वगैरे माइकवर बोलायची सवय, ती गळ्यातून गेली नाही. एसटीचा त्यांना भारी अभिमान, कुठलाही विषय काढा, मामा तो १ जून १९४८ ला आणून सोडतात, पुणे-नगर, पहिली गाडी. मुलीने विचारलं, आजोबा साखर किती घालू, तरी ते पुणे-नगरवरून आले साखरेवर. मला याचं काही नाही, माणसाला अभिमान असावा. पण मामांनी हॉल आणि किचनच्या मधल्या उंबऱ्यात खुर्ची टाकली आणि आमच्या घराचा स्टँड केला.

पहिल्या दिवशी सकाळी मी विचारलं, मामा, जेवायला काय करू?

"माझं काय, साधंच काहीतरी कर."

म्हटलं खिचडी-कढी करू?

"खिचडी नको, पोटाला जड पडती. साधंच. वरण-भात, एक भाजी, चार चपात्या, कोशिंबीर असली तर असू दे, नसली तरी चालतंय. आणि शेंगदाण्याची चटणी खलबत्त्यात कुटायची बघ, मिक्सरची नको, तेल सुटत नाही. बास. उगं वेगळं काही करू नको माझ्यासाठी."

मी या घरात एकोणीस वर्षं आहे, मला माणसं कळतात. "पुरणपोळी कर" म्हणणारा पाहुणा परवडतो. पुरणपोळी एकदा होते, लोक वाहवा करतात, संपलं. "साधंच" म्हणणाऱ्याला दिवसातून तीनदा पाच पदार्थ लागतात आणि एकाचीही मोजणी होत नाही, कारण ते साधं असतं.

आणि तो हात. मी चपाती वाढायला गेले की मामा ताटावर हात आडवा धरायचे. मी आपली मागे फिरले. दोन पावलं गेले असेन, मागून खाकरणं. वळून बघितलं तर ताट रिकामं आणि हात तसाच.

"अहो, नको म्हणालात ना?"

"नको कुठं म्हणालो? हात दाखवला."

नवरा फिस्सकन हसला. त्याला लहानपणापासून माहीत होतं. "हात दाखवा, गाडी थांबवा" ही एसटीची योजना, मामांनी ती ताटावर लागू केलेली. मग खरंच नको असेल तेव्हा काय करता, म्हणून मी विचारलं. मामा म्हणाले, तशी वेळ सहसा येत नाही.

रविवारी हे माणूस मोबाइलमध्ये अलार्म लावून बसलं. एक वाजून दहा मिनिटं ही दुपारच्या जेवणाची वेळ. कोणी ठरवली? मामांनी. कारण १.१० ला त्यांच्या स्टँडवरून कुठलीशी गाडी सुटायची आणि मग त्यांचा डबा उघडायचा. कुकरची शिट्टी झाली की "एक!" असं मोठ्याने. तिसरीनंतर मी गॅस बंद केला नाही की "सूनबाई, तीन झाल्या हो, डाळीला पुढं पाठवू नका." मी म्हणते तुम्हाला माझ्या कुकरचं काय माहीत, त्याची पहिली शिट्टी खोटी असते, सगळ्या बायकांना माहीत असतं, पण सासूबाई म्हणाल्या, "त्याला लहानपणापासून मोजायची सवय आहे गं." सासूबाईंना भाऊ आल्यापासून वीस वर्षं कमी झाली होती. दोघं बहीणभाऊ शेंगा सोलत २६ जुलैच्या गोष्टी सांगत बसले, २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर झाला होता तेव्हा सासूबाईंनी म्हणे जिन्यात अडकलेल्या अठरा माणसांना पिठलं-भात घातला. गेल्या वर्षी हा आकडा बारा होता. मी काही बोलले नाही. शेंगा सोलून होत होत्या ना.

नवऱ्याचं काय, असं विचारलंच कोणी तर सांगते. सोमवारी सकाळी तो ऑफिसला निघाला, विक्रोळी स्टेशनवर तासभर उभा राहिला आणि साडेदहाला भिजलेले मोजे हातात घेऊन परत आला. दारातून पहिलं वाक्य, "नाष्ट्याचं काही उरलंय का?" मंगळवारी सरकारी सुट्टी, म्हणून त्याने जाहीर केलं की आज चहा मी करणार. केला. आलं किसायची किसणी, गाळणं, दोन पातेली, सहाच्या सहा कप आणि ओट्यावर दुधाचा नकाशा. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये त्याने एकदा दालगोना कॉफी फेटली होती, एकदा, ती अजून पाहुण्यांना सांगतो. त्या सगळ्या महिन्यांत मी केलेल्या चपात्यांची गोष्ट आहे का कुठे? जाऊ दे. हा विषय काढला की माझा आवाज चढतो आणि मग मी "चिडकी" ठरते, आणि सगळ्यात राग मला त्याचा येतो की तोपर्यंत मी खरंच चिडलेली असते.

माझ्या ऑफिसचा मेसेज होता, सगळ्यांनी सेफ राहा, घरूनच काम करा. खाली लगेच दुसरा, उद्या वीस तारीख आहे, जीएसटीचा ३बी रिटर्न वेळेत गेला पाहिजे. जीएसटीवाल्यांना पाऊस वगैरे काही नसतो. तर मंगळवारी दुपारी बेडरूममध्ये कपाटाला पाठ लावून, मांडीवर लॅपटॉप, मी मीटिंगमध्ये. विक्रोळीत आदल्या चोवीस तासांत अडीचशे मिलिमीटरच्या वर पाऊस झालेला, बाहेर काही दिसत नव्हतं. आणि मला आठवलं की रात्री साबुदाणा भिजत घालायचा राहिला. एकादशी. दोन उपासाची माणसं. भगर होती म्हणून वाचले, पण दाण्याची आमटी करायची होती, बटाटे उकडायचे होते, आणि इकडे साहेब इनपुट क्रेडिटचे आकडे जुळत नाहीत म्हणून एकेकाला धरत होते. माझी पाळी आली. मी अनम्यूट केलं, "सर, त्या दोन पार्ट्यांची बिलं," इतकंच बोलले आणि दाराबाहेरून, स्टँडभर घुमणारा तो आवाज,

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे! एक वाजून दहा मिनिटांनी सुटणारी विक्रोळी-जेवण गाडी, तांत्रिक कारणामुळे अंदाजे पंचेचाळीस मिनिटं उशिरा सुटेल! प्रवाशांनी तोपर्यंत शेंगदाणे खावेत!"

मुलं खिदळतायत. सासूबाई खिदळतायत. माझं बोट म्यूटच्या बटणावर पोहोचेपर्यंत सगळं ऑफिस खिदळतंय, आणि साहेब, जे कधी हसत नाहीत, ते म्हणाले, "मॅडम, आधी तुमची गाडी सोडा, बिलं नंतर बघू." तेव्हापासून ऑफिसच्या ग्रुपवर रोज एकला कोणीतरी विचारतं, गाडी लागली का फलाटावर? मी हसणारा चेहरा टाकते.

बाहेर आले तेव्हा मला रडायला येत होतं की हसायला, ठरेना. म्हटलं, मामा, तांत्रिक कारण म्हणजे मी का?

"अगं चेष्टा केली! आणि मी सांगतच होतो की, साधंच काहीतरी कर."

बाहेरून मागवायचं म्हटलं तर दहा मिनिटांत आणतो म्हणणारं अ‍ॅप हात वर करून बसलेलं, आणि त्या पावसात कुठल्या पोराला बाइकवर दोन लिटर दुधासाठी बोलावणार, ते मनाला पटेना. आमच्याकडे पाइपचा गॅस आहे. सगळे म्हणतात नशीबवान. सिलिंडर असता तर निदान मध्ये संपला तरी असता.

संध्याकाळी मोनोरेल चेंबूरला अडकली. सगळे टीव्हीसमोर, अग्निशमन दलाची माणसं शिड्या लावून काचेतून एकेकाला काढतायत. टीव्हीवर सांगत होते, गाडीची क्षमता १०४ टन, भरलं होतं १०९ टन. मामा खुर्चीवरून पुढे सरकले. हा त्यांचा विषय. "बघ, पाच टनानं गेली. गाडीला एक ठरलेलं वजन असतंय सूनबाई, त्याच्यावर माणूस चढवला की गाडी काही बोलत नाही, नुसती थांबती. मी माझ्या स्टँडवर कधी होऊ दिलं नाही." हे बोलताना उपासाच्या बटाटेवड्यांची बशी पुढे केलेली होती, अजून दोन टाक म्हणून. मी त्यांच्याकडे बघितलं. नवऱ्याकडे बघितलं. नवऱ्याला काय कळलं कोण जाणे, तो उठला आणि त्याने खरंच दोन वडे तळून आणले. जळके. मामांनी खाल्ले.

तर बुधवारी ते गेले. चपात्या आणि चटणीची बाटली घेऊन, खलबत्त्यातली. जाताना मुलीच्या हातात शंभराची नोट आणि माझ्या डोक्यावर हात. वाईट माणूस नाही हो, तेच तर. वाईट असते तर मी मोकळेपणाने चिडले असते.

काल दुधाचा खाडा लिहायला कॅलेंडरजवळ गेले. दूधवाला त्या पाचात दोन दिवस आला नव्हता. बघते तर पंधरा ते एकोणीसच्या चौकोनांत, निळ्या पेनने, मुंगीएवढ्या पण सुबक अक्षरात नोंदी. "१.१० – १.३५. २५ मि." "१.१० – १.२०. १० मि. समाधानकारक." मंगळवारी "१.१० – १.५५. ४५ मि. पाऊस." पाऊस! म्हणजे कागदोपत्री मला वाचवलेलंच होतं की. वीसच्या चौकोनात स्वतःचीच, "६.४०. वेळेवर."

मुलाला हाक मारून दाखवलं, तो हसत हसत म्हणाला, आई, खाली पण बघ. खाली २७ तारीख. गणेश चतुर्थीच्या चित्रात, सोंडेच्या जरा वर जागा शोधून एकच शब्द लिहिलेला.

"मुक्कामी."