प्लेको घरी अंडी घालत नाही? आधी सांगा, कोणता प्लेको?

माशांचा छंद असलेल्या मंडळींमध्ये एक मजकूर सारखा फिरत असतो. त्याचा सार असा: प्लेको, म्हणजे तोंडाने काचेला चिकटून राहणारा मासा, घरच्या टँकमध्ये कधीच अंडी घालत नाही, त्याला तळं आणि हार्मोनचं इंजेक्शन लागतं. चुकून अंडी आलीच तर नर ती खातो, म्हणून त्याला लगेच बाहेर काढा. पिल्लं काचेवरच्या शेवाळावर आपोआप वाढतात. आणि फार झाली तर तलावात सोडा, पाणी स्वच्छ राहतं.

पहिला मुद्दा अर्धा खरा आहे, आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. दुकानात 'सकर' म्हणून दोन इंचाचा जो काळपट मासा मिळतो, तो बहुधा टेरिगोप्लिक्थिस. तो एक-दीड फुटापर्यंत वाढतो आणि विणीसाठी नदीकाठच्या मातीत खोल बिळं खणतो. काचेच्या टँकमध्ये त्याने कुठे खणायचं? त्याच्यापुरतं 'घरी अंडी घालत नाही' हे म्हणणं बरोबर आहे.

पण प्लेको म्हणजे एक मासा नाही. दक्षिण आणि मध्य अमेरिकेतल्या शेकडो जातींचं ते बाजारातलं नाव आहे. त्यातला ब्रिसलनोज, म्हणजे अँसिस्ट्रस, जेमतेम चार-पाच इंचांचा असतो आणि अडीच फुटी टँकमध्ये, कसलंही इंजेक्शन न देता, अंडी घालतो. दुसरं उदाहरण झेब्रा प्लेकोचं. तो ब्राझीलच्या झिंगू नदीतच सापडतो. त्याच्या निर्यातीवर ब्राझीलने बंदी घातली आहे, आणि 2022 मध्ये 'साइट्स' या वन्यजीवांच्या व्यापाराबद्दलच्या आंतरराष्ट्रीय करारातही त्याच्या व्यापारावर निर्बंध आले. मग आज जगभर कायदेशीरपणे विकले जाणारे झेब्रा येतात कुठून? टँकमधूनच. हौशी लोकांनी घरी वाढवलेलेही त्यात पुष्कळ.

ब्रिसलनोजला लागतं काय? एक नर, एक-दोन माद्या आणि एक गुहा. ओळखायला सोपं: वयात आलेल्या नराच्या नाकाडावर फांद्या फुटलेल्या मिशांचं रान असतं. मादीला मिशा नसतात, असल्या तर ओठाच्या कडेला अगदी बारीक. गुहेसाठी पीव्हीसी पाइपचा एका टोकाला बंद केलेला तुकडा चालतो, नारळाची करवंटीही चालते. फक्त ती ऐसपैस नको, नर आत जेमतेम मावला पाहिजे. मादी अंड्यांनी फुगलेली दिसली की तिसरा हिस्सा पाणी बदलायचं, आणि नवं पाणी दोन-तीन अंश गार घालायचं. पहिला पाऊस पडला असं माशांना वाटतं. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन मात्र आधी घालवा, नाहीतर विणीऐवजी मर्तिक व्हायचं.

आता दुसरा मुद्दा. पूर्ण मजकुरात सगळ्यात जास्त नुकसान यानेच केलं आहे. नारिंगी अंड्यांचा घोस गुहेत चिकटवून मादी निघून जाते. पुढचं सगळं बाप करतो. दार अडवून बसतो, परांनी अंड्यांवर पाणी खेळवत राहतो, खराब अंडी वेगळी काढतो. ही खराब अंडी नाहीशी झालेली बघूनच 'नर खातो' ही समजूत पसरली असावी. त्याला काढलं की पाणी खेळायचं थांबतं आणि घोसावर पांढरी बुरशी धरते. पहिलटकर बाप कधी घोस बाहेर ढकलून देतो, हे खरं. गुहा फार रुंद असली किंवा आपण तासातासाला टॉर्च मारून पाहत राहिलो तर जास्तच. तेव्हा अंडी जाळीच्या डब्यात घेऊन खाली हवेचा दगड, म्हणजे पंपाची हवा बुडबुड्यांनी सोडणारा दगड, लावायचा. पण हा नाइलाजाचा उपाय आहे.

नराच्या त्या मिशांबद्दल 1999 मध्ये काही मत्स्यशास्त्रज्ञांनी एक तर्क मांडला होता. पिल्लं सांभाळणारा नर मादीला जास्त पसंत पडत असावा, आणि नराच्या मिशा लांबून पिल्लांसारख्या दिसत असाव्यात. म्हणजे आपण ज्याला अंडीखाऊ म्हणून हाकलतो, तो कदाचित लेकुरवाळेपणाची जाहिरात तोंडावर घेऊन फिरतोय!

शेवाळावर पोसायचं तर साठ-सत्तर पिल्लं काच दोन दिवसांत चाटून साफ करतील. तिसऱ्या दिवशी काय? अंड्यातून निघाल्यावर पोटाखालच्या पिवळ्या पिशवीवर काही दिवस निभतं. ती संपली की पोट सतत भरलेलं लागतं: काकडी, दुधी, उकळत्या पाण्यातून काढलेला पालक, एखादं लाकूड. उरलेली फोड चोवीस तासांत काढायची. खाणं वाढलं की घाणही वाढते, म्हणून स्पंज फिल्टर आणि आठवड्यातून दोनदा पाणी बदलणं आलं. माझी पहिल्या खेपेची बहुतेक पिल्लं रोगाने नाही, उपाशी मेली.

तलावाचं तर नावच काढू नका. उजनीच्या मच्छीमारांना विचारा. अंगावर चिलखत असलेला सकर जाळ्यात आला की जाळं फाटतं आणि माशाला गिऱ्हाईक मिळत नाही. तो तिथे कोणीतरी सोडल्याशिवाय ॲमेझॉनहून पोहत आलेला नाही. ब्रिसलनोज लहान असला तरी परकाच.

पिल्लं वाटायला घरं नसतील तर गुहा काढून ठेवा. मी ठेवली होती. नराने आठवडाभर टँकभर हुंदडून फिल्टर आणि काचेमधली फट पकडली, आणि पुढच्या पाणीबदलानंतर तिथेच नारिंगी घोस लागला.