'कियारा' वेदातलं नाव नाही, आणि तसं असायची गरजही नाही

नागपुरात सध्या घरोघरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: 'कियारा' हे वेदातलं नाव, अर्थ 'देवाचा किरण'; परदेशी लोकांनी ते आपल्याकडून उचललं; आपल्याकडे ते एका नटीने आणलं; आणि स्पेलिंगमध्ये एक 'ए' वाढवला की मुलीचं नशीब फळफळतं. माझ्या भाचीच्या लेकीचं बारसं महाल भागात तोंडावर आलंय आणि याच मेसेजवरून घरात वाद पेटलाय, म्हणून लिहितेय.

ऋग्वेदाच्या १० व्या मंडलात 'कियाम्बु' ही पाणवनस्पती आहे. 'कियारा' नाही.

परदेशात या नावाची एक नाही, दोन कुळं आहेत. इटलीत 'क्यारा', लॅटिन 'क्लारा'वरून आलेलं: उजळ, निर्मळ. ११९४ साली जन्मलेल्या असिसीच्या संत क्लाराला तिकडे क्याराच म्हणतात. आयर्लंडमधलं 'कीरा' मात्र 'कियार' म्हणजे काळा, यावरून आलेलं. एक उजळ, एक काळी. दोन्हींचं मूळ एकच संस्कृत शब्द कसा असेल? त्यात आयरिश स्पेलिंग (Ciara) अमेरिकेत 'सिएरा' असंही वाचतात.

नटीचं म्हणाल, तर कियारा अडवाणीचं मूळ नाव आलिया. तिने हे नाव २०१० च्या 'अंजाना अंजानी'तल्या प्रियंका चोप्राच्या पात्रावरून घेतलं. त्याच्याही आधी, १९९८ च्या 'लायन किंग'च्या दुसऱ्या भागात सिम्बाच्या लेकीचं नाव कियारा होतं.

खरा घोर मला स्पेलिंगचा आहे. भाचीकडे पत्रिकेवर एक स्पेलिंग छापलंय, केकवाल्याला दुसरंच पाठवलंय, आणि आत्याबाई तिसऱ्यावर अडून बसल्यात. पत्रिकेचं काही बिघडत नाही, पण जन्मदाखल्याचं तसं नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या बाळांना शाळाप्रवेश, आधार, पासपोर्ट, सगळीकडे जन्मतारखेचा पुरावा म्हणून हाच दाखला चालतो. त्यावर एक आणि आधारवर दुसरं स्पेलिंग आलं की हेलपाटे पोरीच्याच नशिबी येतात. आणि दाखल्यात दुरुस्ती होते ती नोंद चुकली असेल तर, पुरावे देऊन. अंकशास्त्राच्या हौसेसाठी ती सोय नाही.

नाव न घालता जन्मनोंद झाली असेल, तर १२ महिन्यांच्या आत ते फुकट चढवता येतं, पुढे १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. म्हणून भाचीला सांगितलंय, बाई, घाई करू नकोस. नवरा-बायको दोघं बसा, एक स्पेलिंग कागदावर लिहा, आणि मगच मनपाच्या झोन ऑफिसात जा.