टॅक्टिकल टॉर्च घेताय? आधी शत्रू ठरवा

टॉर्च घ्यायची तर टॅक्टिकलच घ्या, म्हणजे लष्करी थाटाची. साधी टॉर्च फ्यूज उडाल्यावर शोधायची असते, टॅक्टिकल टॉर्च चारचौघांत खिशातून काढायची असते. तिच्या तोंडाला कंगोरे असतात, हल्लेखोराच्या कपाळात हाणता यावेत म्हणून. आपल्या सोसायटीत हल्लेखोर फारसे फिरकत नाहीत. तोवर कंगोरे पँटच्या खिशाचं अस्तर फाडून हात साफ ठेवतात.

खोक्यावरचा लुमेनचा, म्हणजे एकूण उजेडाचा, आकडा जितका मोठा, तितकी टॉर्च चांगली. एक लाख चालेल. गाडीतल्या एच-४ हॅलोजन बल्बचा अप्पर साधारण १६५० लुमेनचा असतो, म्हणजे असे साठ बल्ब तुमच्या करंगळीएवढ्या नळीत, आणि तेही चारशे रुपयांत. इथे ज्याला शंका येते त्याने गपचूप मेणबत्ती घ्यावी. आतला १८६५० सेल बघून घ्या. हा आकडा म्हणजे त्याचं माप, १८ मिलिमीटर जाड आणि ६५ लांब. या मापाचा चांगल्यातला चांगला सेलही ३५००-४००० एमएएचच्या (किती वीज मावते त्याचं माप) आसपास दमतो. तुमच्यावर ९९०० छापलेलं असेल. वरचे सहा हजार श्रद्धेने भरून काढायचे.

कोणी शहाणा कँडेलाविषयी बोलायला लागला तर विषय बदला. तो सांगेल की लुमेन म्हणजे बादलीतलं एकूण पाणी आणि कँडेला म्हणजे पाइपच्या तोंडावर दाबलेलं बोट; बोट दाबलं की धार लांब जाते, बादली तेवढीच राहते. पल्ला दुप्पट हवा तर कँडेला चौपट लागतात, हेही तो ऐकवेल. त्यापेक्षा खोक्यावरचे ‘३०० मीटर’ वाचून खूश व्हा. अमेरिकेतल्या एफएल-१ मानकाप्रमाणे समोर पडणारा उजेड ०.२५ लक्स उरतो तिथपर्यंत झोताचा पल्ला धरतात. ०.२५ लक्स म्हणजे साधारण पौर्णिमेचं चांदणं. कोजागिरीला गच्चीवरून जेवढं दिसतं, तेवढं तुम्हाला तीनशे मीटरवर दिसेल. मसाला दूध वेगळं.

टॉर्च किती तास चालते याचा आकडाही असाच मोठ्या मनाने वाचायचा. झोत सुरुवातीच्या दहा टक्क्यांवर उतरेपर्यंत ती ‘चालू’च धरतात. टर्बो मोड, म्हणजे सगळ्यात प्रखर उजेड, दोन-तीन मिनिटांत नळी तापली की आपोआप खाली येतो. मित्राला दाखवायला दोन मिनिटं पुरतात.

झोताचा दर्जा तपासायची सर्वमान्य जागा म्हणजे बेडरूमची पांढरी भिंत. रात्री अकराला दिवे मालवा आणि चार टॉर्च शेजारी शेजारी धरा. गुळगुळीत रिफ्लेक्टरचा मधला ठिपका टोकदार पडतो आणि भोवती कड्या उमटतात. संत्र्याच्या सालीसारख्या खडबडीत रिफ्लेक्टरचा झोत कडेला मऊ होत जातो. झूमवाली टॉर्च पूर्ण ताणली की भिंतीवर एलईडीच्या चिपचा पिवळट चौकोन येतो. हा चौकोनी चंद्र लहान मुलांना फार आवडतो. झूमचं डोकं मागेपुढे करताना ते पिचकारीसारखी हवा आत ओढतं, आणि पावसात हवेबरोबर पाणीही. ते तुम्हाला नंतर कळेलच. रंग मात्र निळसर पांढराच निवडा, ६५०० केल्विनचा. त्यात वाळकं पान, चिखल आणि फुरसं जवळजवळ एकाच रंगाची दिसतात, त्यामुळे विनाकारण भीती वाटत नाही.

मी ही चाचणी केली तेव्हा एक टॉर्च हातातून निसटून गादीवर पडली आणि झोत भिंतीला घासून गेला. बायको दारातूनच म्हणाली, “एवढे पोपडे आलेत? रंग काढायला हवा यंदा.” चाचणीचा एवढाच निष्कर्ष निघाला.

टिकाऊपणासाठी टॉर्चवरून मोटार नेऊन बघा, बर्फात गोठवा, बादलीत बुडवा. मानकातली आपटण्याची चाचणी काँक्रीटवर किमान एक मीटरवरून असते, म्हणजे स्वयंपाकाच्या ओट्याहून जेमतेम वीतभर वरून. त्याला आपण ‘मिलिटरी ग्रेड’ म्हणायचं. आयपीएक्स-७ असेल तर टॉर्च एक मीटर पाण्यात अर्धा तास तग धरते, म्हणजे तुम्ही बुडालात तरी तिची काळजी नको. आणि हे सगळं झालं की, साधे अल्कलाइन सेल घातले असतील तर ते आतच ठेवून, ती ड्रॉवरमध्ये टाका. मोटारीखाली न चिरडलेली टॉर्च दोन पावसाळ्यांत स्वतःच्याच सेलचा पांढरा खार अंगावर घेऊन शांतपणे जाते. झाकणाच्या रबरी रिंगेला वर्षातून एकदा बोटभर ग्रीस लावणं हे काम टॅक्टिकल माणसाला शोभत नाही.

ज्यांना रात्री खरोखर उजेड लागतो त्यांचा सल्ला चुकूनही घेऊ नका. शेतीची थ्री-फेज वीज रात्रपाळीत आली की जुन्नरकडचा शेतकरी उसात दारं धरायला, म्हणजे पाणी वळवायला, निघतो. त्या उसात बिबट्याही असतो, म्हणजे शत्रूची अटही पुरी होते. पण दोन्ही हात फावड्याला लागतात, म्हणून हा माणूस डोक्याला प्लास्टिकची हेडटॉर्च बांधतो. कंगोरे नाहीत, डोळे दिपवणारी लुकलुक म्हणजे स्ट्रोब नाही. कसलं हे.

स्ट्रोब मात्र हवाच. एकाच बटणावर फुल, मिडियम, लो, स्ट्रोब आणि एसओएस असे पाच मोड फिरणारी टॉर्च घ्या. लो एकदा हुकला की परत येताना वाटेत बाकीचे चारही भेटतात.

मागच्या श्रावणात ही सगळी तयारी घेऊन मी कळसूबाईला गेलो. १६४६ मीटर, पायथ्याच्या बारी गावातून रात्री दोनला निघालो. लोखंडी शिडीच्या तोंडाशी ढग उतरला. मी टर्बो लावला, तर हातभर पुढे दुधाची भिंत. लो शोधायला बटण दाबलं, स्ट्रोब लागला, आणि शिडीवर चढलेली बारा माणसं एकदम ओरडली. तेवढ्यात पुढचे मामा चार पावलं मागे आले. त्यांच्या हातात पत्र्याची बॅटरी होती, काच पडू नये म्हणून रबरबँड लावलेली. ती त्यांनी गुडघ्याखाली, जमिनीला जवळजवळ आडवी धरली होती. पिवळट, मरतुकडा उजेड, पण प्रत्येक दगडामागे त्याची सावली पडलेली. पाय कुठे ठेवायचा आणि कुठे नाही, सगळं वाचता येत होतं.

“खाली घ्या साहेब ती,” मामा म्हणाले, “ढगाला कशाला वाट दाखवताय?”

मी खाली घेतली. थोडं चालून झाल्यावर राहवलं नाही, म्हणून विचारलं, “मामा, ही तुमची किती लुमेनची?”

“दोन सेलची,” ते म्हणाले.